खालच्या थरातला मासा

डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या लोम गावात मेलेल्या माणसांना सूट राइना घालते. शवपेटीतला सूट घरचे लोक घालतात, तो वेगळा. राइनाचा सूट दगडावर जातो आणि वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर राहतो.

घरचे लोक फोटो आणतात ते कसलेही. कुणी लग्नात ग्लास उंचावून उभा, कुणी बनियनवर द्राक्षाच्या मांडवाखाली, कुणी ट्रॅक्टरवर. राइना संगणकावर त्यातला चेहरा उचलते, सिगारेट काढते, मागे करडा रंग भरते आणि गळ्याखाली काळा सूट बसवते. मग ते चित्र चिनीमातीच्या लंबगोल चकतीवर भाजून येतं आणि मी ते दगडावर बसवतो. सूट एकच आहे, निळ्या टायचा. अकरा वर्षांपूर्वी आमचा मालक गाव्रिल याच्या मेव्हण्याच्या फोटोतून काढलेला. निम्मी दफनभूमी आज त्या मेव्हण्याच्या सुटात आहे. मेव्हणा स्वतः ठणठणीत आहे, फक्त तिकडे जाताना तो टाय लावत नाही.

सुटाबरोबर राइनाकडे तीन तोंडंही आहेत. म्हणजे मिटलेले ओठ. एक म्हाताऱ्याचं, एक बाईचं, एक मधल्या वयाच्या पुरुषाचं. कारण आमच्या दगडांवर कुणी हसत नाही. हा नियम माझा. मी इल्चो, छत्तीस वर्षं दगडावर अक्षरं कोरतोय. कबरीवर दात दाखवणारा माणूस मी बसवणार नाही, हे मी गाव्रिलला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि त्यानं ऐकलंही होतं.

राइना आधी विणकामाच्या कारखान्यात चौकटीच्या कागदावर स्वेटरचे नमुने काढायची. कारखाना बंद पडला तेव्हा ती पस्तिशीची होती. नवरा नाही, मूल नाही, आई अंथरुणाला खिळलेली. रोजगार कचेरीतून तिला संगणकाच्या वर्गाला धाडलं आणि तिथून ती आमच्याकडे आली. भित्री बाई. खिडकी आणि दार एकदम उघडं राहिलं की मान धरेल म्हणून भ्यायची. शिक्का असलेला लिफाफा आला की उघडायच्या आधी खुर्चीवर बसायची. वीज जाईल या भीतीनं दर दोन मिनिटांनी काम जतन करायची. मी चिडवायचो, "राइना, मेलेली माणसं आहेत ती, पुन्हा कुठे मरणारेत?" ती म्हणायची, "तू हातोडा मार."

पण तिच्या या भित्रेपणामुळेच दुकानात अकरा वर्षांत एकाही मेलेल्याचं नाव चुकलं नव्हतं, हे मी कबूल करतो.

एकदा तिनं मला आपल्या फाइलीतले थर दाखवले. सगळ्यात खाली लोकांनी आणलेला मूळ फोटो. त्यावर करडा रंग. त्यावर सूट. त्यावर मिटलेलं तोंड. प्रत्येक थरापुढे एक छोटा डोळा. डोळा मिटला की तो थर दिसत नाही, पण असतो. तिनं वरचे तीन डोळे मिटले आणि दगडावरचा तो गंभीर माणूस एकदम लग्नात नाचायला लागला. मला ते काही बरं वाटलं नाही. दगडात एकच थर असतो. उडालेला टवका परत येत नाही, म्हणून माणूस जपून हात चालवतो.

मागच्या फेब्रुवारीत मिंचो गेला. डॅन्यूबवर मासे धरायचा, माझ्याच वयाचा, कुणी कॅमेरा काढला की पाठ फिरवणारा. त्याच्या घराला त्याच हिवाळ्यात धुराड्यातून आग लागली होती आणि कपाटातले सगळे अल्बम जळून गेले होते. राहिला होता एकच फोटो, नदीकाठच्या त्याच्या झोपडीत खिळ्याला लावलेला. दोन्ही हातांत भलामोठा मिशांचा मासा, अंगात बायकोनं विणलेला, कोपरावर उसवलेला स्वेटर, आणि तोंड कानापर्यंत हसणारं. त्याची बायको पेना तो फोटो घेऊन दुकानात आली. राइनानं तो संगणकात घेतला, सूट चढवला, मधल्या वयाचं तोंड लावलं.

फोटो परत घेताना पेना तो हातात फिरवत राहिली. म्हणाली, "मला हा त्याच्याबरोबर द्यावासा वाटतो. मासा पाहून तिकडे त्याला बरं वाटेल. पण एकच आहे गं."

आमच्याकडे माणसाला आवडीची वस्तू बरोबर देतातच. चष्मा देतात, पत्त्यांचा जोड देतात. राइना तिला मावशीच्या मानानं लेल्या म्हणते. ती म्हणाली, "द्या ना, लेल्या पेना. माझ्याकडे आहे आता तो संगणकात. तुम्ही म्हणाल तेव्हा छापून देईन."

पेनानं चर्चमध्ये सगळ्यांसमोर तो फोटो मिंचोच्या छातीवर ठेवला. मी तिथं होतो. सगळं गाव होतं.

या जानेवारीत संगणक चालेनासा झाला. एक फाइल उघडायला माझी एक सिगारेट पुरी व्हायची. राइनाच्या थरांच्या फाइलींनी तो गळ्यापर्यंत भरला होता. गाव्रिल म्हणाला, "मेलेल्यांचे कपडे कशाला जपतेस? शेवटचं चित्र ठेव, बाकीचं पूस." थर एकमेकांत मिसळून टाकले की फाइलीचं लहानसं सपाट चित्र होतं, शंभरातला एक भागसुद्धा जागा घेत नाही. पण मग दिसत नव्हतं ते गेलं. खाली काय होतं, ते कुणालाच काढता येत नाही.

सोळाशे चाळीस फाइली. राइनानं त्या एकेक करून हातानं सपाट केल्या, संगणकाला एकदम हुकूम सोडायचा तिला धीर नव्हता. उघडायची, नाव तपासायची, थर मिसळायची, नवं चित्र जतन करायची, ते पुन्हा उघडून बघायची, आणि मगच जुनी फाइल पुसायची. पाच आठवडे हे चाललं होतं. संपलं तेव्हा तिनं सगळ्यांना बदामाची बिस्किटं वाटली. मोकळ्या झालेल्या जागेत गाव्रिलनं लगेच ग्रॅनाइटचे हजारो फोटो भरून टाकले.

त्यानंतर दहा दिवसांनी, सोमवारी, पेना दुकानात आली. हातात सफरचंदासारख्या बिही फळाच्या मुरंब्याची बरणी.

"शनिवारी मिंचोचं वर्ष," ती म्हणाली. "पोरगी येतेय स्पेनहून, बाळाला घेऊन. बाळानं आजोबा पाहिलेलाच नाही. तो मासेवाला फोटो मला छापून दे, पोरी. शुक्रवारी येऊन नेते. शुक्रवारीच हवा हं, त्याच्या पुढे नको."

"हो, लेल्या पेना," राइना म्हणाली.

पेना गेली. राइना खुर्चीवर बसली. मग तिनं मिंचोचं चित्र उघडलं. सूट, निळा टाय, मिटलेलं तोंड. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मला तिच्या दातांचा आवाज ऐकू आला. दुकानात शेगडी पेटलेली होती, थंडी अशी नव्हतीच.

"इल्चो," ती म्हणाली, "मी त्याला पुसलं."

मला आधी कळलंच नाही. तिनं सांगितलं तेव्हा मी हातोडा खाली ठेवला. कागदाचा फोटो मिंचोबरोबर जमिनीत. इथला खालचा थर पुसलेला. म्हणजे हसणारा मिंचो आता कुठेच नाही. आणि तो जमिनीत घालायला सांगणारी राइनाच.

"बरं, आठवत नाही का तुला पुसताना?"

"आठवतं. तेच तर." ती हात चोळत होती. "त्या फाइलीत मी वरच्या थरांचे डोळे मिटले होते. मासा बघून मला हसू आलं. मग ते उघडले आणि थर मिसळले. पाच आठवडे तेच करत होते ना. हात आपोआप गेला."

त्या दिवशी तिनं दुसरं काही काम केलं नाही. सगळे कप्पे, सगळ्या जुन्या सीडी, मेलवर पाठवलेली चित्रं, सगळं उपसलं. सगळीकडे सूटच.

मंगळवारी सकाळच्या बसनं ती संगणकाची डिस्क मांडीवर घेऊन विदिन शहराला गेली. तिथं एक माणूस पुसलेल्या फाइली परत आणून देतो. दुपारी परत आली तेव्हा तिच्या तोंडावरूनच कळलं. त्यानं सांगितलं होतं, पुसलेलं निघतं, पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं नसेल तर. मिंचोच्या माशावर आता गाव्रिलचा ग्रॅनाइट होता.

बुधवारी तिनं फोटो कुणी काढला ते शोधलं. नदीपार नेणाऱ्या तराफ्यावरच्या कुणा मेकॅनिकनं काढला होता. तो कधीच वारला होता आणि त्याची बायको रुमेनियात लेकीकडे राहत होती. राइनानं तिला फोन लावला. कॅमेरा? कुठला कॅमेरा? फेकून दिला असेल, बाई.

राइना खात नव्हती. दाराची घंटी वाजली की तिचा हात छातीवर जायचा. मला म्हणाली, "मी रात्री मिंचोला विचारलं, काय करू. तर त्याला तोंडच नव्हतं." मी मस्करी करायला गेलो आणि थांबलो. कारण दगडावरचं ते तोंड त्याचं नव्हतंच, आणि ते तिथं लावायचा हट्ट माझा होता.

म्हणून गुरुवारी मीच तिला ते सुचवलं. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. म्हटलं, "नवा बनव. चेहरा आहे ना तुझ्याकडे? मासा कुठूनही मिळेल. स्वेटर तर तू आयुष्यभर काढलेस. पेनाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसरा जेमतेम. तिला काय कळणार?"

ती बसली. सकाळी आठपासून चारपर्यंत बसली. कुठल्या तरी हंगेरियन माणसाच्या हातातला मासा तिनं उचलला, स्वेटर टाका टाका करून काढला, कोपरावर उसवलाही. आमची नदी मागे आणली. बाई कारागीर आहे, यात वाद नाही. मग मला हाक मारली.

मी पाहिलं. मिंचो मासा धरून उभा होता आणि दात दुखत असल्यासारखा ओठ मिटून बघत होता.

"हसव ना त्याला," मी म्हटलं.

"कशानं हसवू? माझ्याकडे हसणारं तोंड एकही नाही. तूच ठेवू दिलं नाहीस."

तिनं एकदा माझे दात मागितले. मी आ केला, तिनं फोटो काढला, लावून बघितला. मिंचोच्या चेहऱ्यात माझे दात. आम्ही दोघांनी ते एकदम बंद करून टाकलं. इतकी भीती मला कुठल्या मढ्याची वाटली नव्हती.

शेवटी ओठ मिटलेलाच छापला, पाकिटात घातला.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला पेना आली, डोक्याला काळा रुमाल बांधून. "झाला का गं?"

राइना उभी राहिली. पाकीट तिच्या हातात होतं. मी दाराशी उभा राहून मनात म्हणत होतो, दे, दे, देऊन मोकळी हो.

"लेल्या पेना," ती म्हणाली, "बसा जरा."

"बसायला वेळ नाही, कणीक भिजवून आलेय."

"तो फोटो माझ्याकडे नाही. मी पुसला. तुम्हाला तो जमिनीत घालायला सांगितला मी, आणि माझ्याकडचा माझ्याच हातानं पुसला. परत आणायचं सगळं करून पाहिलं. नाही येत. तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

पेना खुर्चीवर बसली. मग तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी पाण्याला धावलो.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुझ्याकडे नाहीच?"

"नाही."

"मग मी आज केवढं करून बसले असते," पेना म्हणाली आणि तिनं छातीवर क्रूस काढला. मग कोटाची वरची दोन बटणं सोडली, आत हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली.

तो फोटो होता. मासा, उसवलेलं कोपर आणि कानापर्यंत हसणारा मिंचो.

"मी काढून घेतला होता," पेना म्हणाली. ती आमच्याकडे बघत नव्हती. "झाकण लावायच्या आधी शेवटचा मुका घ्यायला वाकले ना, तेव्हा. आधी दिला आणि मग काढून घेतला. मेलेल्या माणसाच्या अंगावरून चोरी केली मी. सगळ्या गावानं देताना पाहिलंय, मग भिंतीवर लावू कसा? वर्षभर देवाच्या तसबिरीमागे ठेवलाय. रात्री दार वाजलं तरी वाटतं, तो मागायला आला. पोरीलासुद्धा सांगितलेलं नाही."

"पण मग आज..."

"तुझा छापील फोटो भिंतीवर लावणार होते. दुकानातून आणला म्हटल्यावर कोण विचारतंय? आणि हा त्याला पाठवून देणार होते. समोरचा स्तानोय आहे ना, त्याचे आता दोन दिवस उरलेत. त्याला विचारून ठेवलंय मी. नेतो म्हणालाय. उशीखाली ठेव म्हणालाय, विसरणार नाही. इथून निघाले की थेट त्याच्याकडेच जायचं होतं."

नव्या मढ्याबरोबर जुन्याला वस्तू धाडायची आमच्याकडची रीतच आहे. मी पाकिटाकडे पाहिलं. तिनं ते उजव्या डोळ्यानं ओझरतं पाहून पिशवीत टाकलं असतं, आणि तासाभरात खरा फोटो स्तानोयच्या उशीखाली गेला असता. मग जमिनीत. माझ्या हुशारीनं. मी दारातल्या दगडावरच बसलो.

"ते कसलं पाकीट?" पेनानं विचारलं.

राइनानं ते तिच्यापुढे ठेवलं. पेनानं चित्र डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं.

"हा कोण?" ती म्हणाली.

तिनं चित्र खिडकीच्या उजेडाकडे धरलं.

"हां. हा तो दगडावरचा." तिनं ते पालथं घातलं. "तुम्हाला सांगू? शनिवारी मेणबत्ती लावायला जाते तेव्हा मला याची भीती वाटते. परका माणूस माझ्या मिंचोच्या जागी येऊन बसलाय आणि तोंड मिटून माझ्याकडे बघतोय. खरं तर तुझ्या संगणकावर हा पाहिला होता, म्हणूनच मी फोटो चोरला. हाच बघत राहिले असते तर तो कसा होता ते विसरले असते."

मग राइना रडली. पेना रडली नाही, तिनं राइनाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पुरे, कणीक आंबेल माझी."

राइनानं तिथंच फोटो पुन्हा संगणकात घेतला. तीन प्रती काढल्या. एक भिंतीसाठी, एक स्पेनसाठी, एक स्तानोयसाठी. स्तानोय रविवारी गेला आणि मिंचोची प्रत घेऊन गेला. मी स्वतः त्याच्या कोटाच्या खिशात ती पाहिली.

एप्रिलमध्ये मी मिंचोच्या दगडावरची चकती उचकटली आणि नवी बसवली. स्वेटर, मासा, सगळे दात. गाव्रिल कुरकुरला, म्हणाला, नियम तुझाच ना? मी म्हटलं, हातोडा माझा, तू हिशेब बघ.

राइनाची भीती मात्र गेली नाही. उलट आता त्या भीतीला पत्ता मिळालाय. मिंचो सोडला तर सोळाशे एकोणचाळीस माणसं तिनं तशीच सपाट केलीत. त्यातल्या किती जणांचा खालचा थर कुठेच उरलेला नाही, हे तिला माहीत नाही. म्हणून ती रोज जेवणाच्या सुट्टीत वहीतल्या ओळीप्रमाणे फोन लावते. कोरून ठेवल्यासारखं एकच वाक्य बोलते, "नमस्कार, दगडाच्या दुकानातून राइना बोलतेय, तुमच्या माणसाचा मूळ फोटो तुमच्याकडे आहे ना?" लोक म्हणतात, हो, भिंतीवरच आहे, का बरं? ती म्हणते, असंच, जपून ठेवा.

आत्तापर्यंत चारशे घरं झाली. सात घरांत पलीकडचा माणूस नुसता गप्प राहिला. ती सात नावं तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहेत, आणि पुढचा नंबर फिरवताना ती मला हातोडा थांबवायला सांगते.